पाच वर्षे, एक टेबल आणि चोवीस लाख

गेल्या महिन्यात विहारातल्या बैठकीत आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाचा विषय निघाला. एम.एस्सी. झालाय, आता सैद्धांतिक संगणकशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणतो. एका काकांनी विचारलं, "म्हणजे बनवणार काय?" तो म्हणाला, "काही बनवणार नाही काका. काही प्रश्न संगणकाला झटपट सुटूच शकत नाहीत, हे सिद्ध करायचा प्रयत्न करणार." हशा पिकला. मग कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा दोन पोरांच्या एमपीएससीच्या क्लासची फी भरू.

हसणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ज्या घरात पहिल्या पगाराची वाट तीन पिढ्या पाहतात, तिथे "उपयोग काय" हा प्रश्न पडणारच. पण हाच प्रश्न प्रस्थापितांच्या मुलाला कुणी विचारत नाही. त्याने निव्वळ गणित केलं तर तो बुद्धिमान, आपल्या मुलाने केलं तर वेळ वाया घालवला! आम्ही स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केलं. तिथे आमच्याकडून अपेक्षा एकच : आपल्या वस्तीवर, आपल्या दुःखावर प्रबंध लिहा. ते काम गरजेचंच आहे. मात्र दलित संशोधकाने आयुष्यभर जातीवरच बोलावं आणि संख्यांवर दुसऱ्यांनी, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

2002 साली आयआयटी कानपूरमध्ये मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे नशिबावर किंवा गृहीतकावर न विसंबता वाजवी वेळेत ठरवण्याची रीत शोधली. जगभरचे गणिती थक्क झाले. त्यासाठी ना कोट्यवधींची प्रयोगशाळा लागली, ना महागडी यंत्रं. कागद, फळा, चांगला मार्गदर्शक आणि पोटाची चिंता नसलेला वेळ लागला. आपल्या मुलांकडे पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी नशिबाने मिळते. चौथी मात्र कुणीतरी विकतच घ्यावी लागते.

तिची किंमत किती? जानेवारी 2023 पासून केंद्राच्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपचा दर महिना 37,000 रुपये आहे, वरिष्ठचा 42,000. दोन वर्षं पहिल्या दराने आणि तीन वर्षं दुसऱ्या दराने धरली तर घरभाडे भत्ता सोडून बरोबर चोवीस लाख होतात. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायला भिंग लागेल.

पण कागदावरचा दर आणि खात्यातली रक्कम यांत अंतर असतं. फेलोशिपसाठी संशोधकांना आझाद मैदानात बसावं लागतं, हे आपण पाहिलंय. संगणकाचा विद्यार्थी तर फार काळ बसतही नाही. चार महिने पैसे थकले की तो हिंजवडीला नोकरी धरतो, आणि विद्यापीठ लिहितं : "उमेदवाराने संशोधन सोडले."

बाबासाहेबांच्या बाबतीत काय झालं? 1913 ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. पुढे लंडनमध्ये शिकत असताना तिची मुदत संपली आणि 1917 ला अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसे साठवून ते 1920 ला पुन्हा गेले. ही तीन वर्षं कुणी हिशेबात धरतं का? म्हणूनच 1942 च्या निवेदनात त्यांनी व्हाइसरॉयकडे विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या वकिलीच्या पदव्यांवर समाज वर येणार नाही, हे त्यांनी, स्वतः बॅरिस्टर असून, ओळखलं होतं.

आता दुसरी बाजू. या विषयासाठी मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था यांची नावं आदराने घेतली जातात. 2019 च्या केंद्रीय कायद्याने शिक्षकपदांच्या आरक्षणातून ज्या संस्था वगळल्या, त्यांच्या यादीत या दोन्ही आहेत. कारण? उत्कृष्टता! म्हणजे आपल्या माणसाने तिथे शिकवायचं तर आधी निर्विवाद संशोधन दाखवायचं, आणि ते संशोधन करण्यासाठी लागणारी पाच वर्षं द्यायला कुणी तयार नाही.

म्हणून आमची मागणी अशी : प्रत्येक राज्य विद्यापीठात सैद्धांतिक संगणकशास्त्रात अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकासाठी पाच वर्षांची एक पूर्ण निधीची जागा हवी, आणि पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला जमा व्हावेत. तारीख आम्ही मुद्दाम लिहितोय.

सरकार ऐकेपर्यंत आपण काय करायचं? विहार समितीपुढे आम्ही हातउसन्या निधीचा प्रस्ताव ठेवलाय. सहा महिन्यांचे 2,22,000 रुपये बाजूला ठेवायचे. फेलोशिप थकली की संशोधकाला त्यातून द्यायचे, थकबाकी आली की त्याने परत भरायचे. दान नाही, व्याज नाही. जयंतीच्या डीजेचा खर्च काढून पाहा म्हटल्यावर बैठकीत थोडी शांतता पसरली, तेवढं आम्हाला पुरेसं वाटलं. हसलेल्या काकांनीच जाताना पाचशेची नोट दिली आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, तो अवघड प्रश्न काय आहे ते एकदा फळ्यावर समजावून सांग."

येत्या रविवारी सकाळी दहाला तो फळ्यावर उभा राहणार आहे.