नगरसेवक व्हायचंय? मतदारांच्या आधी पक्षाचं तिकीट जिंकावं लागतं, ते कसं?

राज्यातल्या २९ महापालिकांमधल्या २,८६९ जागांसाठी १५ जानेवारी २०२६ला मतदान झालं. पण अनेक इच्छुकांची निवडणूक त्याच्या पंधरा दिवस आधीच संपली होती. ३० डिसेंबरला अर्ज भरायची मुदत संपली आणि ज्यांच्या हातात तोपर्यंत पक्षाचा एबी फॉर्म पडला नाही, त्यांची कित्येक वर्षांची तयारी तिथेच थांबली. नाशिकमध्ये तर भाजपच्या इच्छुकांनी एबी फॉर्म असलेल्या गाडीचा पाठलाग केल्याच्या बातम्या आल्या.

एका कागदासाठी एवढी धावपळ का? हे समजून घ्यायचं तर नगरसेवक कसा तयार होतो ते पाहावं लागेल.

कायदा काय मागतो?

कायद्याच्या अटी तशा कमी आहेत. वय किमान २१ वर्षं हवं आणि त्या शहराच्या मतदारयादीत नाव हवं. ज्या प्रभागातून लढायचं तिथेच राहायला हवं, असं बंधन नाही. सूचक आणि अनुमोदक मात्र त्याच प्रभागाचे मतदार लागतात. अनामत रक्कम खुल्या जागेसाठी ५ हजार, तर राखीव प्रवर्गातल्या उमेदवारासाठी अडीच हजार रुपये आहे.

अपात्र ठरवणाऱ्या गोष्टी जास्त आहेत. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल, महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असतील किंवा नोटीस येऊनही थकबाकी भरली नसेल, तर उमेदवारी अडचणीत येते. राखीव जागेवर लढणाऱ्याला जात वैधता प्रमाणपत्रही द्यावं लागतं. ते वेळेत न दिल्यामुळे कोल्हापूरच्या नगरसेवकांचं पद धोक्यात आलं होतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही मुदत सक्तीची ठरवली आणि त्यानंतर राज्य सरकारला कायदा बदलून मुदत वाढवावी लागली.

सोडतीची चिठ्ठी

पुढचा अडथळा आरक्षणाच्या सोडतीचा. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींच्या जागा असतात. पाच वर्षं ज्या वॉर्डात गटार, पाणी, रेशनकार्ड यासाठी धावपळ केली, तो वॉर्ड सोडतीत दुसऱ्या प्रवर्गाला गेला की कार्यकर्त्याचं गणित कोलमडतं. मग कुणी शेजारचा वॉर्ड शोधतं, कुणी पत्नीला किंवा आईला उभं करतं.

आरक्षणामुळे हजारो महिला पहिल्यांदा सभागृहात पोहोचल्या, हे खरंच आहे. पण फ्लेक्सवर उमेदवारापेक्षा तिच्या नवऱ्याचा फोटो मोठा, हे चित्रही आपल्या ओळखीचं आहे.

एबी फॉर्म म्हणजे नेमकं काय?

हे दोन वेगळे फॉर्म आहेत. उमेदवारी देण्याचा अधिकार पक्षाने कुणाला दिलाय, हे ए फॉर्ममधून निवडणूक अधिकाऱ्याला कळतं. त्या अधिकृत व्यक्तीच्या सहीने अमुक एक जण आमचा उमेदवार आहे असं सांगणारा कागद म्हणजे बी फॉर्म. ते मुदतीत जमा झाले नाहीत तर पक्षाचं चिन्ह मिळत नाही आणि अपक्ष म्हणून लढावं लागतं.

म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे सही करणारा हात ठरवतो. इच्छुकांच्या मुलाखती होतात, सर्व्हे होतात, पण त्यांचा निकाल पाळायला पक्ष बांधील नसतो. स्थानिक कार्यकर्त्यांचं मतदान घेऊन उमेदवार निवडा, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे यादी शेवटच्या रात्रीपर्यंत लांबवली जाते. आधी जाहीर केली, तर नाराजांना दुसऱ्या पक्षात जायला वेळ मिळतो, हे नेत्यांना पक्कं माहीत असतं.

चारच्या पॅनलमध्ये एकटा कार्यकर्ता

मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक आहे. इतर शहरांत मात्र बहुतेक ठिकाणी चार जणांचा प्रभाग आहे. पुण्यात १६५ जागांसाठी ४१ प्रभाग आहेत. त्यातले ४० चार सदस्यांचे, तर एक पाच सदस्यांचा. २०११च्या जनगणनेनुसार अशा एका प्रभागात सुमारे ८० हजार लोक येतात.

गल्लीत, दोन-तीन सोसायट्यांत नाव असलेला माणूस एवढ्या मतदारांपर्यंत स्वतःच्या बळावर पोहोचणं अवघड. तिथे चिन्ह आणि पॅनल लागतं, पैसाही लागतो. खर्चाची मर्यादा मुंबई, पुणे, नागपूरमध्ये १५ लाख, तर लहान महापालिकांत ९ लाख रुपये आहे. एवढी रक्कम उभी करणंही साध्या कार्यकर्त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं.

यावेळी तर साठहून अधिक उमेदवार बिनविरोध आले. कल्याण-डोंबिवलीत त्यांची संख्या लक्षणीय होती. तिथल्या मतदारांना त्या जागांसाठी बटण दाबायची वेळच आली नाही.

निवडून आल्यावर कुणाचं ऐकायचं?

निकालानंतर पक्षाचे नगरसेवक विभागीय आयुक्तांकडे गट म्हणून नोंदणी करतात. १९८६च्या कायद्यानुसार पक्षाचा व्हीप मोडला तर पद जाऊ शकतं. त्यामुळे एखादा प्रकल्प प्रभागाला नको असला, तरी नगरसेवकाला सभागृहात पक्षासोबत हात वर करावा लागू शकतो. बजेटवर पकड असलेल्या स्थायी समितीत कोण जाणार, हेही पक्षच ठरवतो.

म्हणजे तिकीट पक्षाचं, समिती पक्षाची आणि पाच वर्षांनी पुन्हा तिकीट देणाराही पक्षच. नगरसेवक मतदारांपेक्षा नेत्यांच्या बंगल्यावर जास्त का दिसतो, याचं उत्तर या साखळीत आहे.

मग नगरसेवक नसलेलाच बरा? मुंबईने तेही पाहिलं. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. या काळात रस्ता का खोदला, पाणी का कमी येतं, हे सभागृहात विचारणारं निवडून आलेलं कुणीच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला.

नगरसेवक लागतोच, पण तो गल्लीला उत्तर देणारा हवा. मतदार एका दिवसापुरता हिशेब मागतो आणि पक्ष पाचही वर्षं मागतो. हे उलटं व्हायचं असेल तर मतदारांनी सभागृहातली हजेरी, विचारलेले प्रश्न आणि प्रभागावर खर्च झालेला निधी निवडणूक नसतानाही विचारायला हवा. माहिती अधिकारात हे मागता येतं, आणि त्यासाठी कुणाच्या एबी फॉर्मची गरज लागत नाही.