घर गहाण पडावे, की समाजाने उभे राहावे?

परदेशातील विद्यापीठांची प्रवेशपत्रे हाती पडू लागली की मध्यमवर्गीय घरात प्रथम आनंद होतो आणि त्याच रात्री हिशेबाची वही उघडते. ग्वाल्हेरच्या लष्करातील मराठी घरे याला अपवाद नाहीत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून 1810 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या शहरात सरदारांची, कारकुनांची, शास्त्र्यांची आणि गवयांची कुळे पिढ्यान् पिढ्या नांदत आली. त्यांतील बहुतेकांजवळ आज जहागीर नाही, इनाम नाही. आहे ते दौलतगंजात नाहीतर जिवाजीगंजात एक जुने घर, तेही अनेकदा आजोबांच्या नावावर आणि चार भावांच्या सामाईक मालकीचे. मुलाच्या परदेशी शिक्षणाचा प्रश्न निघाला की बँक बोट दाखविते ते नेमके त्याच घराकडे.

पूर्वी हा मार्ग दरबारातून जात असे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांप्रमाणे तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले आणि मोबदल्यात दहा वर्षे संस्थानच्या सेवेचा करार लिहून घेतला. ग्वाल्हेरचे दरबारही अगदीच हात आखडून बसले नव्हते. येथील एका शिक्षकाचे पुत्र अटलबिहारी वाजपेयी कानपुरास उच्च शिक्षणासाठी गेले ते जिवाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. संस्थाने स्वातंत्र्यानंतर विलीन झाली, हे योग्यच झाले. गुणवंताने राजाच्या मर्जीकडे डोळे लावून बसावे, ही स्थिती लोकशाहीला शोभणारी नव्हती. परंतु मर्जीचे दार बंद झाले तेव्हा हक्काचे दार तितकेच रुंद उघडले काय, हा आमचा प्रश्न आहे.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. साऱ्या देशास मिळून जागा 125! त्यातही 2025 मध्ये निवड झालेल्या 106 विद्यार्थ्यांपैकी प्रारंभी केवळ 40 जणांच्या हाती पत्रे पडली. उरलेल्यांस निधीची वाट पाहण्यास सांगण्यात आले. विद्यापीठाचे सत्र काही आपल्या खजिन्यासाठी थांबत नाही. महाराष्ट्र सरकारने 2003 पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावे परदेश शिष्यवृत्ती चालविली आहे, पुढे सारथीमार्फत सयाजीरावांच्या नावेही एक योजना काढली. दोन्ही नावे किती समर्पक! परंतु त्या योजनांचा लाभ महाराष्ट्राच्या रहिवाशालाच. लष्करातील मुलगा घरात मराठी बोलतो, गणपती बसवितो. पण त्याचा रहिवासी दाखला मध्य प्रदेशाचा असल्याने ते दार त्याला बंद. मध्य प्रदेश सरकारच्या स्वतःच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत आणि त्या मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. मात्र तेथेही मागणारे अनेक आणि जागा मोजक्याच.

मग राहते ते कर्ज. त्याचा हिशेब उघड्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यावर सामान्यतः स्थावर मालमत्ता द्यावी लागते. चाळीस लाखांचे कर्ज दरसाल दर शेकडा 11 दराने घेतले, सारी रक्कम आरंभीच उचलली, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष गेले, असे समजा. पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वीच सरळ व्याजाने तेरा लाखांवर भर पडते. पुढे दहा वर्षांच्या फेडीचा मासिक हप्ता सुमारे 73 हजार रुपये होतो. परदेशात नोकरी लागली तर तो जड नाही; न लागता मुलगा परत आला, तर निवृत्त शिक्षकाच्या साऱ्या निवृत्तिवेतनालाही तो उचलणार नाही. त्यात हुंडणावळीचा फेरा निराळाच. 2015 साली चौसष्ट रुपयांच्या आसपास असलेला डॉलर 2025 च्या अखेरीस नव्वदीच्या घरात गेला. कर्ज मंजूर होते रुपयांत, शुल्क भरावयाचे डॉलरांत. दुसऱ्या वर्षाच्या शुल्काला पहिल्या वर्षाचा अंदाज पुरेलच असे नाही. म्हणून अभ्यासक्रम, विद्यापीठ आणि तेथील नोकरीची शक्यता यांची चौकशी स्वतः करावी; दलालाच्या रंगीत पुस्तिकेवर विसंबून घर तारण ठेवू नये.

यावर उपाय कोणता? आंबेडकरांच्याच चरित्रात त्याचे उत्तर आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. 1920 मध्ये ते पुन्हा गेले ते तीन आधारांवर: सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेला स्वतःचा पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज. एका हाताने जे उचलले नाही ते तीन हातांनी उचलले.

जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये हीच गोष्ट व्यवस्थेच्या रूपाने उभी केली. त्यांच्या निधीतून मिळते ती देणगी नव्हे, कर्जरूपी शिष्यवृत्ती. शिकून आलेल्याने रक्कम फेडावी आणि तिच्यातून पुढच्याने जावे. कृष्णाबाई केळवकर या त्याच्या पहिल्या लाभार्थ्यांपैकी. त्यांनी पुढे कोल्हापुरात डॉक्टर म्हणून सेवा केली. काशीत वाढलेले जयंत नारळीकर 1957 मध्ये केंब्रिजला गेले तेही टाटा शिष्यवृत्तीच्या आधाराने. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाला या निधीने प्रांत विचारला नाही. आजही त्याचे दार साऱ्या भारतीयांस खुले आहे, हे लष्करातील पालकांनी विसरू नये.

लष्करातील मराठी समाजाने अशाच फिरत्या निधीचा विचार करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. संपूर्ण खर्च उचलण्याची भाषा कोणी करू नये. आदर्श योजनेप्रमाणे परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जात सुमारे पंधरा टक्के वाटा विद्यार्थ्याने स्वतः घालावयाचा असतो. चाळीस लाखांच्या खर्चात हा वाटा सहा लाखांचा. पन्नास कुटुंबांनी दरमहा हजार रुपये बाजूला टाकले, तर वर्षाला सहा लाख जमतात! म्हणजे दरसाल एका विद्यार्थ्याची अडलेली पहिली पायरी हा समाज स्वतःच्या बळावर बांधू शकतो. व्याज नाममात्र असावे, फेड बंधनकारक असावी, हिशेब दरवर्षी जाहीर वाचला जावा आणि निवडीत जात, पोटजात व घराण्याचे नाव यांस थारा नसावा. या अटी पाळल्या नाहीत, तर निधी चार वर्षांत भांडणात बुडेल.

एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो. जे परदेशी जाऊन तेथेच राहणार, त्यांच्यासाठी आम्ही का झिजावे? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर फेडीच्या अटीतच आहे. माणूस परतला नाही तरी पैसा परतलाच पाहिजे. आणि समाजाच्या पैशावर गेलेल्याला फेडीच्या प्रत्येक हप्त्याबरोबर आपले गाव आठवते. बँकेच्या हप्त्याने केवळ बँक आठवते.

दरबार गेले, त्यांची आठवण काढीत बसण्यात अर्थ नाही. पण दरबाराच्या जागी समाज उभा राहिला नाही, तर सावकार उभा राहतो. लष्करच्या गणेशोत्सवात वर्गणी गोळा करण्याची परंपरा काही नवी नाही. येत्या उत्सवात त्याच पावतीपुस्तकाशेजारी विद्यानिधीचे दुसरे पावतीपुस्तक दिसावे. गणपती विद्येची देवता आहे. त्याच्यापुढे याहून उचित दक्षिणा कोणती?