ताप उतरला, पण जंतू मेला का?

मलेरियाचं औषध काम करतंय की नाही, हे लॅबमध्ये कळतं. पण लॅबपर्यंत रक्ताचा थेंब पोहोचला तर ना! हिंजवडी-माणच्या साइट्सवरून तो पोहोचायला हवा.

थंडी वाजून ताप आला. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेली पट्टी बॅगेत गेली. विषय संपला? आपल्यापुरता संपला असेल, मलेरियाच्या परजीवीपुरता नाही. अर्धवट औषधानं दुबळे मरतात, चिवट उरतात. मग डास नेमके तेच पुढच्या माणसात नेऊन सोडतो.

हे भारतात घडून गेलंय. क्लोरोक्वीन हे एकेकाळचं हुकमी औषध. १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात फॅल्सिपेरम मलेरिया त्याला दाद देईना. पुढे फॅल्सिपेरमसाठी आर्टेसुनेट आणि सोबत एसपी अशी जोडगोळी देशभर आली. त्यातलं आर्टेसुनेट झपाट्यानं मारतं, पण काही तासांतच शरीरातून जातं. उरलेल्यांना संपवायचं काम जोडीदाराचं. ईशान्य भारतात तो जोडीदारच लंगडा पडला आणि २०१३ मध्ये तिथली जोडी बदलावी लागली. ज्या आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं, त्यालाही कंबोडियात आणि नंतर रवांडा, युगांडात परजीवी पुरून उरू लागलेत.

हे कळतं कसं? १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपेरमला प्रयोगशाळेत, माणसाच्या तांबड्या पेशींमध्ये सतत वाढवून दाखवलं. तेव्हापासून रुग्णाच्या रक्तातला परजीवी बशीत वाढवायचा, त्याला वेगवेगळ्या प्रमाणात औषध द्यायचं आणि किती औषधाला त्याची वाढ निम्म्यावर येते ते मोजायचं, ही पद्धत रुळली. पण आर्टेमिसिनिनपुढे परजीवी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो आणि ही चाचणी फसते. म्हणून जेमतेम तीन तासांच्या कोवळ्या परजीवींना सहा तास औषधात ठेवतात, औषध धुऊन काढतात आणि तीन दिवसांनी किती जिवंत उरले ते मोजतात. दुसरी वाट जनुकांची. ‘के १३’ या जनुकातले ठरावीक बदल दिसले की धोक्याची घंटा. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी मात्र बशीत असा सतत वाढतच नाही. तिथे भिस्त ताज्या रक्तावर, जनुकांवर आणि रुग्णाच्या पाठपुराव्यावर.

आता शेजारच्या गोव्याकडे बघा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या साथीनं २०१० पासून एक प्रकल्प उभा राहिला. तिथे मलेरियाच्या रुग्णांचं रक्त घेऊन परजीवी वाढवले गेले, औषधांना ते किती दाद देतात ते तपासलं गेलं. या रुग्णांत मोठा भरणा परराज्यांतून आलेल्या बांधकाम मजुरांचा. म्हणजे गोव्यातल्या एका खाटेवर देशाच्या दुसऱ्या टोकाचा परजीवी सापडू शकतो. शिवाय गोव्यानं बांधकाम मजुरांसाठी आरोग्य कार्ड आणि रक्ततपासणी सक्तीची केली, त्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली.

मग आपला मुळशी तालुका काय वेगळा आहे? हिंजवडी, माण, मारुंजीत टॉवर चढतायत. झारखंड, ओडिशा, छत्तीसगडचे मजूर लेबर कॅम्पात राहतायत, शेजारी पाणी साचलेलं. एका दिवसाची हजेरी बुडू नये म्हणून ताप अंगावर काढला जातो. स्लॅब पडला की माणूस दुसऱ्या साइटवर. औषध लागू पडलं की नाही हे बघायला रुग्णाचं रक्त निदान २८ दिवस पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. माणूसच गायब, तर तपासणार कोणाला?

कुणी म्हणेल, मुळशीत मलेरिया असतो तरी किती? ही काय गडचिरोली आहे? अहो, रुग्ण कमी असतात तेव्हाच तर प्रत्येकाचा माग काढता येतो. आणि त्यासाठी पौडला मोठी लॅब बांधायची गरज नाही. पहिली गोळी घेण्याआधी बोटातून काढलेला रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर वाळवला, तर तो बर्फाशिवाय पाकिटातून जातो आणि त्यातून जनुकं तपासता येतात. पलीकडे पाषाणमध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे. ज्ञान वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, अडलंय ते मधल्या साखळीवर.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गोव्यासारखं आरोग्य कार्ड इथल्या प्रत्येक साइटवर हवं. तापाच्या दिवशी हजेरी कापायची नाही, हा नियम हवा. मलेरिया निघालेल्या प्रत्येकाचा वाळवलेला थेंब लॅबकडे जायला हवा, आणि तो साइट बदलून गेला तरी पुढची तपासणी चुकू नये म्हणून ठेकेदाराकडे त्याचा नवा पत्ता हवा.

आणि आपण? आधी रक्त तपासायचं, मग गोळी. फॅल्सिपेरमला तीन दिवस, व्हायवॅक्सला प्रायमाक्विनचे चौदा दिवस, डॉक्टर सांगतील तसा कोर्स पुरा करायचा. बायोटेक शिकणाऱ्यांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? तुमच्या हॉस्टेलच्या खिडकीतून जी क्रेन दिसते, तिच्या खालीच तो आहे.