डबी आपल्या घरात, किल्ली कुणाच्या हातात?

भिवंडीच्या चाळींत, खोल्यांत, लूमच्या कारखान्यामागच्या वस्त्यांत आता भिंतीला टांगलेली एक डबी दिसते. प्लॅस्टिकची, दोन शिंगांची, दिवे लुकलुकणारी. तिला राऊटर म्हणतात. हजार-बाराशे रुपयांत मिळते. केबलवाला येतो, घरातल्या पुरुषाशी बोलतो, त्याच्याच मोबाइलवरून सगळं जोडून देतो आणि जातो. बाईला मिळतो तो वायफायचा पासवर्ड, तोही दिला तर.

मैत्रिणींनो, या डबीला दोन किल्ल्या असतात, हे आपल्याला कुणी सांगत नाही. वायफायचा पासवर्ड ही पहिली किल्ली. तिनं फक्त आत येता येतं. दुसरी किल्ली असते डबीच्या कारभाराची, म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्डची. ती ज्याच्या हातात, तो ठरवतो की नेट रात्री किती वाजता बंद करायचं, कुठल्या मोबाइलला आत घ्यायचं, कुठला बाहेर ठेवायचा, कोणती संकेतस्थळं उघडू द्यायची. सुनेचा मोबाइल तेवढा बंद आणि बाकी घराचं नेट सुरू, हे करायला दोन मिनिटं पुरतात. आवाज होत नाही, वळ उठत नाही. "नेट गेलंय" एवढं म्हटलं की काम झालं.

यावर कुणी म्हणेल, हा भलता संशय आहे. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बाया देशात ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. हा फरक बायकांच्या बुद्धीत नाही, हातात आहे. वस्तू कुणाच्या हातात, पैसा कुणाच्या हातात आणि किल्ली कुणाच्या हातात, यात आहे.

दुसऱ्या किल्लीमागे आणखी एक किल्ली असते आणि ती घरातल्या पुरुषाकडेही नसते. डबीच्या आत एक आज्ञावली कायमची बसवलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. डबीनं काय करायचं, काय लपवायचं, कुणाचं ऐकायचं, हे ती ठरवते. ती असते कंपनीची. कंपनी दोन-चार वर्षं तिच्यात दुरुस्त्या पाठवते, मग नवा नमुना बाजारात आणते आणि जुन्याकडे पाठ फिरवते. डबी दिसायला चालूच राहते, आतली भोकं मात्र उघडी पडतात. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांकडचे हजारो मोडेम एका घातक आज्ञावलीनं निकामी केले. कारण साधं होतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. बदलायचा असतो हे ग्राहकांना कुणी नीट सांगितलं होतं का?

तर प्रश्न असा, की कंपनीची आज्ञावली काढून दुसरी बसवता येते का? येते. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००२ च्या अखेरीस लिंकसिस या अमेरिकन कंपनीनं डब्ल्यूआरटी५४जी नावाचा घरगुती राऊटर बाजारात आणला. २००३ मध्ये जाणकारांच्या लक्षात आलं, की याच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, सर्वांसाठी खुली आज्ञावली. तिची अट एकच: वापरा, बदला, विका, पण पुढच्याला तिचा मूळ मजकूर दिला पाहिजे. कंपनीनं फुकटचं धान्य कोठीत भरलं होतं आणि कोठीला कुलूप घातलं होतं. लोकांनी पिच्छा पुरवला, तेव्हा त्याच वर्षी कंपनीला मजकूर खुला करावा लागला. त्यावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज अनेक कंपन्यांच्या शेकडो नमुन्यांवर ही खुली आज्ञावली बसते, फुकट मिळते आणि कंपनीनं टाकून दिलेल्या कित्येक डब्यांना तीच दुरुस्त्या पुरवते.

कंपन्या म्हणतात, हे धोक्याचं आहे, सामान्य माणसानं हात लावू नये. भिवंडीनं हे ऐकून घ्यावं? हे गाव उभंच राहिलं दुसऱ्यांनी टाकलेले माग चालवून. जुना माग भंगाराच्या भावानं आणायचा, जॉबरनं त्याचा पेच बदलायचा, सुटा भाग गल्लीतल्या वर्कशॉपमधून घडवून घ्यायचा आणि कापड काढायचं. मागाचा बोल्ट फक्त मूळ कंपनीनंच फिरवावा, असं इथं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. मग हजार रुपयांच्या डबीपुढे हेच गाव हात जोडून का उभं राहतं?

आणि त्याच लूमकडे आपण बायकांनीही एकदा नीट बघावं. कांडी भरायला बाई. घरी बसून नगावर मिळेल ते काम करायला बाई. मागाला पाना लावणारा जॉबर मात्र पुरुष. कांडीशिवाय धोटा रिकामा फिरेल, तरी "मशीनचं काम" कांडी भरण्याला म्हणत नाहीत. ज्याला पाना लावता येतो त्याची मजुरी वेगळी, त्याचा शब्द वेगळा. हीच वाटणी आता नेटच्या डबीपाशी होते आहे. फॉर्म भरायला, मुलांचा अभ्यास घ्यायला, रेशनकार्डाचं बघायला बाई. डबीचा कारभार पुरुषाकडे. यंत्र नवं आलं आणि श्रमविभागणी जुनीच राहिली.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतील, पाण्याचा टँकर, दारू, मारहाण हे सगळं समोर असताना हा राऊटरचा चोचला कशाला? उत्तर असं, की हे प्रश्न वेगळे नाहीत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा वाचा. कौटुंबिक नात्यामुळे ज्या साधनांवर आणि सोयींवर बाईचा हक्क आहे, त्यांचा वापर बंद करणं किंवा त्यावर बंधन घालणं, याला तो आर्थिक छळ म्हणतो. घरातलं नेट ही अशीच सोय आहे, असं आपण ठासून मांडलं पाहिजे. केरळात फहिमा शिरीन या विद्यार्थिनीनं वसतिगृहातली मोबाइलबंदी मानायला नकार दिला. तिला बाहेर काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे. वसतिगृहाच्या वॉर्डनला जे करता येत नाही, ते घरातल्या वॉर्डनला का करता यावं?

यंत्राच्या आतला मजकूर बघण्याचा हक्क हा बाईच्या शरीरापर्यंत कसा पोहोचतो, ते अमेरिकेतल्या कॅरन सँडलर या वकील बाईंकडून कळतं. त्यांच्या शरीरात हृदयासाठी विजेचा झटका देणारं यंत्र बसवलेलं आहे. त्या गरोदर असताना हृदयाची धडधड वाढली, जी गरोदरपणात वाढतेच. यंत्रानं तिला आजार समजून नको असताना झटके दिले. यंत्र ज्यांनी घडवलं, त्यांच्या हिशेबात गरोदर बाई आलीच नव्हती. आतली आज्ञावली बघायला मागितली, तर ती मिळाली नाही. याच सँडलरबाई ज्या संस्थेच्या कार्यकारी संचालक झाल्या, त्या सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीनं ओपनडब्ल्यूआरटीच्या कार्यकर्त्यांबरोबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी वन नावाचा राऊटर आणला. मालकाला उघडता यावा, बिघडला तर सावरता यावा, अशाच हिशेबानं तो घडवला आहे. तो ८९ डॉलरचा. आपल्या खिशाला नाही परवडणार. पण असा राऊटर करता येतो, एवढं तर सिद्ध झालं.

आता कामाचं. आपल्या डबीच्या तळाशी चिठ्ठी असते. तिच्यावर नमुन्याचं नाव आणि आवृत्तीचा आकडा असतो. दोन्ही लिहून घ्या, कारण एकाच नावाच्या डबीत आवृत्तीनुसार आतलं सामान वेगळं असतं. ते ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तंतोतंत जुळलं तरच पुढे जा. अगदी स्वस्त डब्यांत साठवण ४ एमबी आणि मेमरी ३२ एमबी असते. त्यांच्यावर आजची आवृत्ती बसत नाही. किमान ८ आणि ६४ लागतात, निर्धास्त चालायला १६ आणि १२८ हवेत. बसवताना वायफायवरून नाही, तारेनं जोडून बसवा. वीज जाण्याची वेळ टाळा. अर्ध्यावर वीज गेली तर डबी मुकी होऊ शकते. वॉरंटीही जाऊ शकते. नेट देणाऱ्या कंपनीची डबी आपल्या मालकीची नसते, तिला हात लावू नका. तिच्यामागे आपली डबी जोडा. हे काही जमलं नाही, तरी कारखान्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड आजच बदला. त्याला पैसा लागत नाही.

हेही स्पष्ट सांगायला हवं, की आज्ञावली बदलल्यानं घर बदलत नाही. डबीमागची कळ दाबून कुणीही सगळं पुसू शकतं. खुल्या आज्ञावलीत पाळत ठेवायची साधनंही बसवता येतात. शिकलेला नवरा ती बसवेल. म्हणूनच आधी आपण शिकायचं. आणि ज्या घरात मारहाण होते तिथं पासवर्ड बदलण्याआधी बाईच्या जिवाचा विचार करायचा. एकटीनं हे पाऊल उचलू नये.

आपली मागणी लहान नाही. डबीवर छापील किंमत असते, तशी दुरुस्त्या किती वर्षं मिळणार हेही छापलेलं असलं पाहिजे. त्यानंतर कंपनीनं कुलूप काढलं पाहिजे. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्या हक्कात फक्त स्क्रू आणि सुटे भाग नकोत, आतली आज्ञावलीही हवी. आणि केबलवाल्याला सांगायचं: दोन्ही किल्ल्या कागदावर लिहून दे, आणि तो कागद घरातल्या बाईच्या हातात दे.

शांतीनगर असो की नारपोली, प्रत्येक बचतगटात दोघी अशा हव्यात ज्यांना डबी उघडता येते. कांडी भरायला आपल्याला कुणी कॉलेजात पाठवलं नव्हतं. एकीनं दुसरीला शिकवलं. पानाही तसाच शिकता येतो.