तणमोर वाचवायचा, पण कोणाच्या खर्चाने?



पाऊस लागला, गवत गुडघ्याला आले की तणमोर येतो. कोंबडीएवढा पक्षी. नराच्या डोक्यामागे वळलेले तुरे. गवतातून तो पुरुषभर उंच उडी घेतो आणि पुन्हा गवतात बुडतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. मादी जमिनीवरच तीन-चार अंडी घालते आणि एकटीच सुमारे तीन आठवडे उबवते. पावसाळा सरला की हा पाहुणा निघून जातो. अकोला-वाशीमच्या माळांवर तो येत आला आहे. १९९९ साली देशात साडेतीन हजारांच्या आसपास तणमोर असल्याचा अंदाज होता. २०१८ साली सातशेहून कमी.

कोणी म्हणेल, कापसाला भाव नाही आणि यांना पाखरू सुचते! पण पाखराच्या नावाने उद्या आपल्याच सात-बारावर शिक्का बसू शकतो, म्हणून हा विषय आपला आहे.

माळढोक आठवा. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आखले. त्यात गावे आली, पिकती शेते आली. शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामे अडली. पुढे क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणावे लागले. तोवर शेतकरी पिचला आणि माळढोकही जवळजवळ दिसेनासा झाला. ज्याच्या शेतात पक्षी दिसला त्यालाच शिक्षा, मग पक्षी दिसल्याचे सांगेल कोण?

दुसरी रीतही आहे. मध्य प्रदेशात रतलाम जिल्ह्यात सैलाना येथे १९८३ साली तणमोरासाठी अभयारण्य झाले. तिथे शेतात तणमोर दाखवणाऱ्या, घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याला वनखात्याने रोख बक्षीस ठेवले. राजस्थानात अजमेरकडच्या शोकलिया भागात तर तणमोर मूग-ज्वारीच्या शेतांतच वावरतो. आपल्याकडे अकोला-वाशीम भागात ज्यांच्या बापजाद्यांनी फासे लावले, त्या फासेपारध्यांनीच गवताची कुरणे राखायला घेतली.

कृषी महाविद्यालयात मी पाखरू म्हणजे कणसावरचा चोर एवढेच शिकलो. तणमोर नाकतोडे, भुंगेरे, अळ्या टिपतो. तो आला की फवारणीचा खर्च वाचेल, असे खोटे मी सांगणार नाही. पण ज्या कुरणात तो टिकतो, त्याच कुरणात आपल्या बैलाचा चारा टिकतो. ई-क्लासची गवताळ जमीन ‘पडीक’ ठरवून तिथे नांगर घातला किंवा झाडे लावली, तर दोघेही उपाशी.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे ठराव ठेवत आहोत. ग्रामसभेच्या संमतीशिवाय एकाही सात-बारावर अभयारण्याची नोंद नको. घरट्यासाठी जो शेतकरी पिकाचा तुकडा सोडेल किंवा गवताची कापणी लांबवील, त्याला हंगामातच रोख मोबदला हवा. गवताळ ई-क्लास जमीन गवताळच राहावी.

आणि आपल्याकडून? डवरणीत, निंदणीत घरटे दिसले तर चार तासे सोडा, तिथे फवारू नका, कुत्रे आवरा. आपल्याला वगळून वाचवायला निघालेल्यांचे काय झाले ते माळढोकाने दाखवले. तणमोर वाचला तर शेतकऱ्याच्या राजीखुशीने वाचेल, आणि राजीखुशीला दाम लागतो.