आजीला सगळं कळतं

आजीला पक्षाघात झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी पायासाठी फिजिओथेरपिस्ट हजर. वाचेसाठी कुणीच नाही. विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. वय बघा ना." वय अठ्ठ्याहत्तर. चालायला ते आड आलं नाही, बोलायला मात्र आलं!

घरी आल्यावर आम्ही तिला गप्प करायला लागलो. हो, आम्हीच. पाणी हवं असलं की तिच्या तोंडून "खुर्ची" निघायचं. शब्द चुकला हे तिचं तिला कळायचं, ती कपाळावर हात मारून घ्यायची. तरी आमचा निष्कर्ष: "तिला आता काही समजत नाही." रामरक्षा सलग म्हणायची, म्हणून एक काकू तर म्हणाली, "सोंग करतायत."

याला अफेजिया म्हणतात, वाचाघात. यात शब्द सापडत नाहीत, अक्कल जात नाही. पाठ झालेलं स्तोत्र, एक ते दहा आकडे, शिव्या हे बरेचदा शाबूत राहतं, कारण तिथे शब्द शोधावाच लागत नाही. पॅरिसजवळ पॉल ब्रोकाने १८६१मध्ये तपासलेला रुग्ण जवळजवळ फक्त 'तां' एवढंच बोलायचा, पण समोरच्याचं बहुतेक त्याला समजायचं. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अफेजियाचा उल्लेख आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत मात्र यातलं काही पोचलं नव्हतं.

तीन महिन्यांनी स्पीच थेरपिस्ट मिळाली. (त्याआधी मी एक ॲप आणलं होतं. त्यात आजीला स्ट्रॉबेरी आणि स्नोमॅन ओळखायचे होते. तिने आयुष्यात पाहिले असतील तर शपथ.) थेरपिस्टने आधी आम्हालाच शिकवलं: ओरडू नका, त्या बहिऱ्या नाहीत. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा. एका वेळी एकच प्रश्न विचारा, सोबत चित्र दाखवा.

दिवाळीत गावचं घर विकायचं ठरलं. घर आजीच्या नावावर, आजी समोर बसलेली, आणि काका म्हणतो, "उजवा हात गेलाय, अंगठा घेऊ." तुमच्याही घरात असा काका असेल. कदाचित तो तुम्हीच असाल.

मी दोन कागद घेतले. एकावर घर काढून 'ठेवा' लिहिलं, दुसऱ्यावर नोटा काढून 'विका'. आजीने डाव्या हाताचं बोट 'ठेवा'वर ठेवलं.

"चुकून लागलं असेल," काका म्हणाला.

मी कागदांची अदलाबदल केली. बोट पुन्हा 'ठेवा'वरच. मग काकाकडे बघून तिने एक शिवी घातली. अगदी स्पष्ट.