प्रतिज्ञा, झेंडा आणि पालकांची चिठ्ठी

गेल्या महिन्यात रात्री उशिरा माझ्या चुलत बहिणीचा फोन आला. ती टेक्सासमध्ये राहते, तिकडे दिवस होता. "बाजी, तू शाळेत शिकवतेस म्हणून तुलाच विचारते," अशी तिने सुरुवात केली.

तिची मुलगी तिथल्या सरकारी शाळेत सहावीत आहे. रोज सकाळी वर्गातल्या झेंड्याकडे तोंड करून, उजवा हात छातीवर ठेवून मुलं अमेरिकेची निष्ठेची शपथ म्हणतात. मग टेक्सास राज्याची वेगळी शपथ, आणि त्यानंतर एक मिनिट शांतता. राज्याचा तसा कायदाच आहे. काही दिवसांपासून ही मुलगी उभी राहते, पण शपथ म्हणत नाही. शिक्षिकेचा घरी फोन आला की पालकांनी लेखी दिलं तर सूट मिळेल, नाहीतर तिने म्हणायला हवी.

मुलीला विचारलं तर म्हणाली, शपथेत शेवटी सर्वांना न्याय आहे असं येतं, ते खरं नाही, मग मी का म्हणू? बहिणीच्या नवऱ्याचं म्हणणं, त्यात अल्लाहचं नाव तर आहेच, आपल्याला काय अडचण? बहिणीला भीती वेगळीच. "बाजी, चिठ्ठी दिली तर ती शाळेच्या फायलीत राहणार. आमचं आडनाव वाचून लोक काय समजतील?"

मी तिला दोन दिवस मागितले. शिक्षिकेला सगळं येतं असं घरच्यांना वाटतं, तेव्हा अभ्यास करावा लागतो.

अमेरिकेची ही शपथ सरकारने लिहिलेली नाही. कोलंबसाच्या सफरीला 400 वर्षं झाली म्हणून 1892 मध्ये 'द युथ्स कंपॅनियन' या मासिकात ती छापली गेली. लिहिणारे फ्रान्सिस बेलामी हे बाप्टिस्ट पाद्री आणि समाजवादी विचारांचे. मासिक त्या काळात शाळांना झेंडेही विकायचं, हे आपलं जाता जाता. पहिल्या शपथेत देवाचा उल्लेख नव्हता. तो 1954 मध्ये, कम्युनिस्ट रशियाशी वैर चालू असताना, कायदा करून घातला गेला. म्हणजे पाद्रीबुवांना जे सुचलं नाही ते संसदेला सुचलं. सलामही तेव्हा वेगळा होता. हात झेंड्याच्या दिशेने समोर ताठ करायचा. हिटलरचे लोक तसाच हात करू लागल्यावर 1942 मध्ये तो बदलून हात छातीवर आणला.

पण माझं लक्ष खिळलं ते दोन खटल्यांवर. पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल गावात यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या दोन भावंडांनी झेंड्याला सलाम करायला नकार दिला. आमची निष्ठा फक्त ईश्वराला, असं त्यांचं म्हणणं. 1935 मध्ये त्यांना शाळेतून काढलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1940 मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी मुलं हरली. निकालानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले, मेन राज्यात त्यांचं प्रार्थनाघर जाळलं. तीनच वर्षांत त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन बहिणींच्या खटल्यात, 14 जून 1943 रोजी, न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं की राष्ट्रप्रेमाच्या बाबतीत काय बोलावं आणि काय मानावं, हे कोणताही सरकारी अधिकारी नागरिकांवर लादू शकत नाही. तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं, हे विसरू नका. (दोन्ही खटल्यांत कुटुंबाचं आडनाव न्यायालयाच्या कागदांवर चुकीचं लिहिलं गेलं. हजेरीपटावर आमची नावं चुकतात त्याचं मला आता फारसं वाटणार नाही.)

पहिला निकाल, मुलांना सक्ती करणारा, कोणी लिहिला? न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. जन्म व्हिएन्नाचा, धर्माने यहुदी. लहानपणी अमेरिकेत आले तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, सरकारी शाळेत शिकून वर चढले. 1943 मध्ये निकाल फिरला तेव्हाही ते आपल्या मतावर ठाम राहिले. त्या भिन्नमताच्या सुरुवातीलाच त्यांनी लिहिलं की इतिहासात सर्वांत जास्त छळ झालेल्या अल्पसंख्याक समाजाचा मी आहे, स्वातंत्र्याची किंमत मला कळते. आणि तरीही, राज्याला अशी सक्ती करता येते असंच त्यांचं मत पडलं. न्यायालयाने कायदेमंडळाच्या आड येऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता. विद्वान माणूस, मुद्दा खरा असेल. पण मला त्यात दुसरंही काही दिसलं, कारण ते मी स्वतःत पाहिलं आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे परिपाठात प्रतिज्ञा होते. काही दिवस उर्दूत, काही दिवस मराठीत. शाळेचं मैदान रस्त्याला लागून आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा मराठीच्या दिवशी हात पुढे करून उभा राहायचा, पण ओठ मिटलेले. माझी नजर तिथेच जायची. एक दिवस कुंपणापलीकडे कोणीतरी मोबाइल धरून उभा दिसला. तो कदाचित स्वतःचे मेसेज वाचत असेल. माझ्या मनात मात्र काय काय येऊन गेलं. परिपाठ संपल्यावर मी त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलावलं, कान पिळला आणि विचारलं, "या देशाचं खातोस ना?"

हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आले होते.

मुलगा काही बोलला नाही. त्याच्या मित्राने मधल्या सुट्टीत सांगितलं. त्याचं घर उत्तर प्रदेशातलं, शाळेत नवा. 'समृद्ध' हा शब्द त्याला म्हणता यायचा नाही, रांगेतली मुलं हसायची, म्हणून तो मराठीच्या दिवशी गप्प राहायचा. मराठीची शिक्षिका मी. तो शब्द त्याला शिकवणं माझं काम होतं. मी त्याऐवजी त्याची वफादारी तपासत बसले.

आपल्याकडच्या एखाद्या वाचकाला वाटेल, म्हणजे प्रतिज्ञा बंद करा असं हिचं म्हणणं. अजिबात नाही. आपली प्रतिज्ञा मला आवडते. तीही एका साध्या सरकारी नोकराने, पी. व्ही. सुब्बाराव यांनी, 1962 मध्ये तेलुगूत लिहिलेली. सकाळी चारशे मुलं एका सुरात बोलतात तेव्हा मलाही भरून येतं. पण ओठ हलले म्हणून मनात ते आहेच, असं कोणत्या शिक्षकाला छातीठोकपणे सांगता येईल? पाढे घोकून घेता येतात. नमाजसुद्धा नियतीशिवाय होत नाही असं आपण मुलांना शिकवतो.

अमेरिकेतला तो निकाल आपल्यापर्यंत पोचलेला आहे. 1985 मध्ये केरळमध्ये याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. एका आमदाराने विधानसभेत प्रश्न काढला आणि शेवटी मुलांना शाळेतून काढलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी 1986 च्या निकालात अमेरिकेच्या त्या दोन्ही खटल्यांची चर्चा केली आणि मुलांना परत घ्यायला सांगितलं. गायलंच पाहिजे असा कायदा नाही, नीट उभं राहिलं म्हणजे अनादर झाला नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा निकाल शिकवायला हवा. मला बी.एड.ला कोणी शिकवला नाही.

आता टेक्सासची चिठ्ठी. मला ती गोष्टच चुकीची वाटते. 1943 चा निकाल मुलांच्या बाजूने आहे. बारा वर्षांच्या मुलीला काय खरं वाटतं, याला बापाची सही कशाला? सहलीला जायला पालकांची परवानगी लागते, ठीक. मनातलं बोलायला किंवा न बोलायलाही लागावी? आणि चिठ्ठी मागितली की घरातली भीती जागी होते. गोऱ्या, जुन्या घराला ती चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागत असतील. माझ्या बहिणीच्या घरात तीन आठवडे त्यावर जेवण कडू होतं. त्यात ती पोरगी उद्या आईबापांसाठी शपथ म्हणूही लागेल. तिच्या शिक्षिकेला वाटेल, प्रश्न सुटला.

तरीही मी बहिणीला सांगितलं, दे चिठ्ठी. कायद्याने दिलेली वाट आहे, तिच्यावरून जायला लाजायचं कशाला. आणि त्याआधी मुलीजवळ बस, कोणाला न्याय मिळाला नाही असं तिला वाटतं ते पूर्ण ऐक. अजून कोणी ते विचारलेलंच नव्हतं.

परवा तिने चिठ्ठीचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. चार ओळी. पहिली ओळ : आमच्या कुटुंबाचं या देशावर अतिशय प्रेम आहे. मी लिहिलं, ही ओळ काढ, ती कोणी मागितलेली नाही. बराच वेळ निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग उत्तर आलं, "राहू दे ना बाजी."